सातव्या रांगेतलं वजन

३ फेब्रुवारी
आली एकदाची नवी इंजिनीअर! आल्या आल्या माझ्या रबर लावलेल्या नमुन्याच्या पत्र्यावर टकटक केलं आणि म्हणाली, "ताई, एवढं रबर? विमान उडेल ना?" सगळे खो खो हसले. साहेबसुद्धा! इतकी वर्षं पंख्याच्या विमानांची घरघर कमी करतेय मी. माझ्या कुठल्या वाक्याला असं कुणी हसलं नाही.

७ फेब्रुवारी
तिचा उपाय — निम्मं रबर काढा, केबिनच्या सांगाड्याला स्प्रिंगवरची छोटी वजनं लावा. सांगाडा थरथरला की वजनं उलट्या बाजूला हलतात, थरथर जिरते. मला काय हे ठाऊक नव्हतं? पण मी बोलले की "बघू", ती बोलली की "वा!"
साहेब म्हणाले, नव्या विमानाची केबिन कुणाकडे द्यायची ते पंधरा तारखेला ऐकून ठरवू. अहो, ती माझ्याकडेच होती ना?

९ फेब्रुवारी
नवरा म्हणतो, "जेवताना रोज तिचाच विषय! प्रेमात पडलीस की काय?" जळते मी. लिहूनच टाकते — जळते!

१४ फेब्रुवारी
केलं. जेवणाच्या सुट्टीत हॉल रिकामा होता. आमच्या चाचणीच्या केबिनला — बाहेर पंख्यांची घरघर काढणारे भोंगे, आत खऱ्या खुर्च्या — खालून हात घातला, सातव्या रांगेजवळचं तिचं एक वजन सोडवलं आणि वीतभर पुढे सरकवून आवळलं. उद्या बघू तिची कमाल!
संध्याकाळी भाजी करपवली.

१५ फेब्रुवारी
नेहमीच्या पद्धतीनं सगळे आत बसलो — डोळे मिटून, मांडीवर गुणांचं कार्ड. भोंगे सुरू झाले. मी कान टवकारून बसलेले, आता घुमेल, मग घुमेल. छे! आधीपेक्षा शांत! चाचणीच्या वैमानिकाला तर चक्क डुलकी लागली. म्हणजे मीच माझ्या हातानं तिचं काम चोख करून दिलं! डोकं आपटावं कुठेतरी.

१६ फेब्रुवारी
केबिन मला मिळाली!! ती म्हणे साहेबांना स्वतः सांगून आली, "माझी जागा चुकली होती. ताईंनी वजन हलवलं म्हणून जमलं." साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. टाळ्या वाजवण्यात तीच पुढे. हिला कसं कळलं?

१७ फेब्रुवारी
जिन्यात गाठून विचारलं. म्हणाली, "मी केबिनमध्येच बसले होते, ताई. वजन आवळताना तुम्ही मला काय काय म्हणालात, तेही ऐकलं."