ट्रॉब्रिजच्या चिठ्ठीखाली माझे नाव

मी, एझ्रा पेनिमन, वय एकसष्ट, धंदा वकिली, राहणार मिलफर्ड क्रॉसिंग, ओहायो, स्वखुशीने लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही.

कलम १. कायद्याची पुस्तके गावच्या वाचनालयाला. माझा भागीदार सायलस ट्रॉब्रिज याला एकही पान नको. चार वेळा मी राज्याच्या सिनेटवर निवडून गेलो. आमच्याकडे मतपत्रिका पक्षच छापून वाटतो; पाचव्या वेळी आमच्याच पक्षाच्या मतपत्रिकांवर, माझ्या नावावर, याने स्वतःच्या नावाच्या चिठ्ठ्या चिकटवून वाटल्या. शेतकरी वरचे चिन्ह पाहून पत्रिका पेटीत टाकतो. आतली नावे कोण वाचतो? एकेचाळीस मतांनी पडलो. ज्याला वकिली शिकवली त्यानेच केसाने गळा कापला.

कलम २. कचेरीची पाटी मधोमध करवतावी. त्याचे नाव त्याला द्यावे, माझे चुलीत घालावे.

कलम ३. घर व शिल्लक पत्नी कॉर्डेलिया हिला, ~~कारण तिने एकटीनेच मला दगा दिला नाही.~~

ही खाडाखोड माझ्याच हातची आहे. मंगळवारी मसुदा तिला वाचून दाखवला. तिने इस्त्री बाजूला ठेवली.

"अहो, ते शेवटचं खोडा. त्या चिठ्ठ्यांची खळ मी शिजवून दिली होती."

"त्याने फसवलं असेल तुला."

"छे! कशाला हवी ते सांगूनच मागितली. आठ हिवाळे तुम्ही राजधानीत. आपली पोर लिडिया घटसर्पाने गेली, तेव्हा तुम्ही सिनेटात कालव्याच्या खर्चावर भाषण देत होता. आम्हा बायकांना कुठलं आलंय मत? तुम्ही पडावं, घरी यावं, एवढंच हवं होतं मला."

"मग मला सांगायचंस!"

"दर पत्रात सांगत होते. उत्तरं तुमच्या कारकुनाच्या अक्षरात यायची."

सायलसचा घाव मी पचवला होता. हा पचत नाही. रागही येतो, आणि तिच्यापुढे मान वर होत नाही. तरी कलम कायम, घर तिचेच.

कलम ४. राजधानीच्या दफनभूमीत घेतलेली जागा विकावी. मला लिडियाशेजारी पुरावे, पण कॉर्डेलियाने परवानगी दिली तरच. ती नाही म्हणाली, तर तिच्या निर्णयावर अपील चालणार नाही.

साक्षीदार, खाडाखोडीसह पाहून:
ओबेड रँकिन, लोहार
डॉ. थॅडियस कूली

सही: एझ्रा पेनिमन
मिलफर्ड क्रॉसिंग, ९ मार्च १८७६