साखर काढलेलं प्रथिन

दि. ४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. (नमस्कार सवयीचा आहे, मनातला नाही.)

तुझ्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीचं काम तू बंद पाडलंस. का, तर तिच्या बुरशीने प्रथिन चंबूतल्या पाण्यात सोडलं नाही! त्याला चिकटणारी साखर काढून टाक, ओझं उतरलं की ते झपाझप बाहेर येईल, ही कल्पना माझी होती. खुन्नस माझ्याशी आणि कुऱ्हाड तिच्यावर? तिच्यासाठीच, निषेध म्हणून, मी कॉलेजला लाथ मारली. आता टायरच्या दुकानात पंक्चर काढतो. मालक शिव्या देतो, पण निदान तोंडावर देतो. तिला पुन्हा घे, नाहीतर मला एक बहीण होती असं म्हणेन.

आईला सांगू नकोस. लोभ ठेवायचा की नाही, तुझं तू बघ.

तुझा (तूर्तास) भाऊ

दि. ११ जून

चि. तोफखान्यास,
अनेक आशीर्वाद आणि एक मुस्काटात.

काम नाही, तुझी कल्पना बंद पाडली. बुरशीचे तंतू वाटून पाहिले. प्रथिन आतच अडकलेलं, तेही तुटकंमुटकं. सगळ्याच प्रथिनांना साखर लागते असं नाही, ह्याला लागते. तिच्याविना त्याची घडी बसत नाही आणि बेंगरूळ घडीचं प्रथिन पेशी दाराबाहेर सोडत नाही, आतच मोडीत काढते. तुला मात्र साखर म्हणजे ओझं. बोलण्यातसुद्धा!

तुझ्या मैत्रिणीने साखर परत आणली, शिवाय आणखी एका जागी चिकटेल अशी सोय केली. चंबू आता भरभरून देतोय. तिची जागा कुठेही गेलेली नाही. सल्ला कुणाचा, हे तिने कधी सांगितलं नव्हतं. माझी बोलणी एकटीने खाल्ली. तू कॉलेज सोडल्याचं कळल्यावर एवढंच म्हणाली, की बाहेर यायचं होतं प्रथिनाने, हा कशाला बाहेर पडला?

आईला सगळं ठाऊक आहे. वेळेवर जेव. लोभ आहेच, तुला न विचारता.

तुझी ताई

दि. २० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हसलात ना दोघी? हसा. तू जिंकलीस असं मुळीच समजू नकोस.

सोबत तिच्यासाठी चिठ्ठी आहे. तीनदा फाडली. दर वेळी भांडणच उमटतं, सांगायचं ते आतच राहतं. उघडून वाच, तुला हौस आहेच. जिथे तिखट लागेल तिथे चार गोड शब्द जोड. अक्षर माझ्यासारखं गचाळ काढ. तुझं साखरेचं खरं असेल, तर निदान ही तरी बाहेर पडेल.

लोभ असू दे, असं लिहितात म्हणून लिहिलं.

तुझा भाऊ