डोळे निवळेपर्यंत

धाराशिव
रविवार, १ जानेवारी १९६१

आजपासून रोजनिशी. विषय एकच, डोळे.

सरूची आई श्रावणात गेली. लेक लहान, म्हणून तिला तेरला आजीकडे ठेवली. दिवाळीत आणायला गेलो तर सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, जावईबापू, डोळं निवळू द्या, मग न्या लेकरू. सासरे सिंदी पिऊन पिऊन गेले, त्यामुळे लाल डोळा दिसला की त्यांना दुसरे काही सुचत नाही. मी सुपारीसुद्धा खात नाही. पण हे तोंडाने सांगणे जमले नाही. आता डोळेच सांगतील.

उपाय: गुलाबपाणी. पुढच्या रविवारी तेर.

शनिवार, ७ जानेवारी

गुलाबपाण्याने डोळे झोंबले. लाली वाढली आहे, पण ती आतून बाहेर पडत असावी. चांगले लक्षण. तरी उद्या जाणे बरे नव्हे. पुढचा रविवार पक्का.

मंगळवार, १७ जानेवारी

ऑफिसात अव्वल कारकून शिवशरणअप्पा अगदी जवळ आले, वास घेतल्यासारखे केले आणि फाइल बघायला आलो होतो म्हणाले. फाइल त्यांच्याच काखेत होती.

दुपारी शिपाई चाँदपाशाने बाजूला घेतले. साहेब, भाभी गेल्या, पण माणसानं रडावं तरी किती, म्हणाला. मी रडत नाही. श्रावणापासून एकदाही रडलो नाही. तसे सांगितले तर त्यालाच रडू आले.

रविवारी जाता आले नाही. कारण वर दिलेच आहे.

सोमवार, ६ फेब्रुवारी

चाँदपाशाच्या आईने, हुसेनबींनी, सुरमा पाठवला. घातला. लाली काळ्यात चांगली लपते. ऑफिसात सगळे वळून बघत होते, म्हणजे फरक पडलेला आहे. चाँदपाशाने विचारले, साहेब, कव्वाली किती वाजता? संध्याकाळी धुऊन काढला. गालावर राहिला तो उद्या निघेल.

बुधवार, २२ फेब्रुवारी

डॉक्टरांना दाखवले. म्हणाले, तुमच्या डोळ्यांत पाणीच नीट तयार होत नाही. कोरडे पडतात, म्हणून लाल होतात. ड्रॉप्स घाला, पापण्या मिटत जा, धुळीला जपा. महिनोन्महिने चालेल. मी विचारले, रविवारपर्यंत बरे होतील का? त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावले. डॉक्टर तरुण आहेत. अनुभव कमी.

शनिवार, २५ फेब्रुवारी

बाजारात मेहुणा कोंडीराम भेटला. दाजी, सरू आता सगळं बोलाया लागली, एकदा तरी येऊन जावा की, म्हणाला. मी त्याच्याकडे पाठ करून, केळी चाचपत, होय होय म्हटले. वळून पाहिले तर तो निघून गेला होता. डोळे दिसले नाहीत, एवढे बरे झाले.

रविवार, १२ मार्च

सोलापूरहून मागवलेला गॉगल आला. लाली पूर्ण झाकतो. पहाटेच स्टँडवर गेलो. गॉगलमधून पाट्या नीट वाचता येईनात. चुकून लोहाऱ्याच्या गाडीत बसलो. कंडक्टरने तिकीट फाडल्यावर कळले. उतरवा म्हणालो तर तो म्हणाला, पहाटंच्या अंधारात काळा चष्मा लावून बसलाव, आता लोहारा बघून या. बघून आलो.

गॉगलची कल्पना चुकीची नाही. वेळ चुकली.

रविवार, २ एप्रिल

आज भाजीला कांदा चिरला आणि सापडले! डोळ्यांत पाणी आले. घळघळ. डॉक्टर म्हणत होते पाणी नाही. नाही तर आणायचे, इतके सोपे. नंतर चिमणीच्या उजेडात आरसा पाहिला, डोळे धुतल्यासारखे स्वच्छ. दिवसाच्या उजेडात पाहण्याची गरज वाटत नाही.

येत्या रविवारी तेर. सरूला घेऊनच येईन.

रविवार, ९ एप्रिल

परत आलो.

तेर जवळ आल्यावर गाडीतच कांदे चिरायला घेतले. शेजारची बाई रडू लागली, तिचे पोर रडू लागले. कंडक्टर नाक पुसत ओरडला, आवं, ड्रायव्हरला रस्ता दिसंना झालाय, फेका ते! माझे डोळे मात्र छान वाहत होते. तसाच उतरलो.

गल्लीच्या तोंडाशी म्हाताऱ्या विठाबाईंनी मला पाहिले आणि हंबरडा फोडला. आणखी चार बायका मिळाल्या. सगळ्या रडत माझ्यामागून निघाल्या. सासूबाई दारात धावत आल्या. आता कोण गेलं गं माय, म्हणाल्या. मी घाईने म्हटले, कोणी नाही, कांदा आहे.

मग मला सांगावे लागले. दिवाळीतले त्यांचे बोलणे, ड्रॉप्स, सुरमा, सगळे. इतके मी त्या घरात कधी बोललो नव्हतो.

सासूबाई म्हणाल्या, दिवाळीत शंका आली हुती, खोटं कशाला बोलू. पर पिणारा बाप बी मधनंमधनं लेकराला बघाया येतोय वो. तुमी न पिता आला न्हाईत.

सरू त्यांच्या पदरामागे होती. ह्यो कोण रडतोय, असे आजीला विचारत होती. मी पुढे झालो तर आत पळाली. आज न्यायचं नाव काढू नका, सासूबाई म्हणाल्या, आधी वळख तरी हुंद्या.

तिच्यासाठी झगा नेला होता. शिंप्याला हाताने उंची दाखवून शिवून घेतला होता. सासूबाईंनी तिला धरून घालून पाहिला. खांद्याशीच अडकला. पोर आतल्या आत गुदमरून रडू लागली, तेव्हा ओढून काढला. आणि माझ्या हातात दिला.

शेवटच्या गाडीने आलो. झगा समोर आहे. कापड चांगले आहे. बाजूची शिवण उसवली तर बसेल असे वाटते. उद्या शिंप्याकडे.