दोराचं दुसरं टोक

मारेगाव
१६ जून २०२५

चि. संजयास,
पुष्पाताईचे अनेक आशीर्वाद आणि प्रभूमध्ये सलाम, वि. वि.

तुझ्या घशाचं ऑपरेशन झाल्यावर मी फोन लावून नुसती हॅलो हॅलो करत बसले आणि मग लक्षात आलं की पलीकडून आता आवाज यायचाच नाही. मोबाइलवर तू ‘ठीक आहे’ एवढंच पाठवतोस. मंडळीला दीड-दीड तास बसवून ठेवणाऱ्या पाळकाचे दोन शब्द त्याच्या बहिणीला पुरत नाहीत. म्हणून कागद घेतला. तूही कागदच घे.

माझा जन्म नर्स म्हणून दवाखान्यात गेला, तेव्हा माझ्यापासून लपवू नको. तुझ्या डॉक्टरांशी मी बोलले. घसा कापला तरी रोग खाली उतरला आहे आणि पुढचा उन्हाळा दिसेल असं ते छातीठोकपणे सांगत नाहीत. गोड बोलत बसायला आता वेळ नाही.

माझं एकच मागणं आहे. तांड्यावर जा आणि बांजवळ राहा. बा नव्वदीला टेकले. धाकटा बादल कोळशाच्या ट्रकवर असतो, घरी येतो तो झोपायला. बा अजून अंबाडीचा दोर वळतात. त्याला दोन माणसं लागतात, एक पीळ देणारा आणि एक दुसरं टोक ताणून धरणारा. दुसरं टोक ते हल्ली कडुनिंबाला बांधतात.

तुमचं वाकडं का आलं ते मला ठाऊक आहे. बाप्तिस्मा आपण दोघांनीही घेतला, पण मी घेऊन गप्प राहिले आणि तू दर खेपेला ओसरीवर बसून बांना उपदेश केलास. शेवटी वैतागून ते म्हणाले, की तोंड बंद ठेवून बसता येत असंल तं ये, नाही तं येऊ नको. तू येणंच सोडलंस. सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही, असे तुम्ही दोघे बापलेक.

जेवणाची आबाळ करू नको. उत्तराची वाट पाहते.

तुझी,
ताई


नागपूर
२५ जून २०२५

ती. पुष्पाताईस,
संजयचा सप्रेम सलाम, वि. वि.

आवाज गेल्यावर काय होतं ते सांगतो. लोकांना वाटतं, याला ऐकूही येत नाही. ते माझ्या कानाशी ओरडतात आणि मग आपसात माझ्याविषयी बोलतात, मी तिथे नसल्यासारखं. सुरुवातीला घर भरलेलं असायचं. प्रार्थनेला यायचे, केळी-सफरचंदं आणायचे. आता केळी माझी मीच आणतो. मंडळीत नवे पाळक आले आहेत, तरुण आहेत, चांगलं बोलतात. मी मागच्या बाकावर बसतो आणि गीत सुरू झालं की नुसते ओठ हलवतो. तुझी भावजय विमल गेल्यापासून घर शांत होतंच, पण तेव्हा निदान मी स्वतःशी बडबडायचो.

तांड्यावर यायला मला वेळ नाही, ताई. रागावू नको. दरवर्षी वर्षअखेरीच्या उपासनेत मी हेच सांगत आलो, की वेळ ही देवाने आपल्याकडे दिलेली ठेव आहे आणि तिचा जाब द्यावा लागणार. आता माझीच पाळी आली. निवडक उपदेशांचं पुस्तक करायला घेतलं आहे. ते पुरं झालं तर मी गेल्यावरही काहीतरी बोलत राहील. कडुनिंबाच्या जागी उभं राहून दोर धरणं हे माझ्या उरल्या दिवसांचं काम असेल, असं मला वाटत नाही.

बांचं ओझं मात्र उतरत नाही. मी त्यांना प्रभूविषयी नीट सांगितल्याशिवाय गेलो, तर तिथे काय तोंड दाखवू? म्हणून सोबत त्यांच्यासाठी बारा पानं लिहून पाठवत आहे. तांड्यावर जाशील तेव्हा सावकाश वाचून दाखव. आपल्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत समजावलंस तर फारच बरं.

प्रार्थनेत मला धरून ठेव.

तुझा,
संजय


मारेगाव
६ जुलै २०२५

चि. संजयास,
आशीर्वाद आणि सलाम, वि. वि.

बारा पानं पोचली. अक्षर अजून मोत्यासारखं आहे. बांना ती वाचून दाखवली नाहीत आणि दाखवणारही नाही. आता रागाव.

मी तांड्यावर गेले होते. पानं पिशवीत होती. बा ओसरीवर अंबाडीच्या वाखाचे धागे विंचरत बसले होते. मी पिशवीत हात घालते तोच त्यांनी विचारलं, की संजू वाळला काय. एवढंच. तुझ्या दुखण्याचं मी त्यांना सांगितलेलं नाही, कोणत्या तोंडाने सांगू? थोडा वाळला आहे म्हटलं. त्यावर ते खूप वेळ खाली मान घालून वाख विंचरत राहिले. इतक्या वर्षांनी बाप लेकाची तब्येत विचारतो आणि मी त्याच्यापुढे उपदेश उघडू? पानं तशीच घरी आणली.

निघताना म्हणाले, आणखी वाख धाडून दे, पोळ्याले बैलाइले नवे कासरे करा लागते. बैल दोन आणि वाख मागितला दहा बैलांना पुरेल एवढा. म्हातारपणी अंदाज चुकतो, दुसरं काय. मुकुटबनहून तांड्यापर्यंत ऑटो चालवणाऱ्या मोहिउद्दीनकडे दोन गठ्ठे दिले.

माझ्या वेळेचं मी काय करते, ते तू कधी विचारलं नाहीस. सकाळी प्रार्थना, मग दोन पोळ्या. लेक राखी मस्कतहून रविवारी फोन करते. दिनदर्शिकेचं पान फाडायचं काम मी हल्ली दुपारपर्यंत राखून ठेवते, तेवढाच एक उद्योग. राखीचे बाबा गेले तेव्हा बा माझ्या घरी आले होते, तेवढं एकदाच. कब्रस्तानाच्या फाटकाशी उभे राहून सगळं पाहिलं आणि कुणाशी न बोलता परतले. तरी ते आले होते, याचा मला आजही आधार वाटतो. ते काही बोलले असते तर एवढा वाटला असता की नाही, कोण जाणे.

ठेव ज्याची त्याला पोचवायची असते, हे तूच शिकवलंस. देवाने तुझा आवाज काढून घेतला आणि वेळ तेवढा ठेवला. याचा अर्थ पाळकाला नर्सने सांगावा काय?

चिडलास तरी पत्र लिही.

तुझी,
ताई


नागपूर
१५ जुलै २०२५

ती. ताईस,
सलाम, वि. वि.

चिडलो. त्यामुळेच उत्तराला उशीर झाला.

परवा उपासनेनंतर नव्या पाळकांच्या हाती पुस्तकाची चार प्रकरणं दिली. त्यांनी आदराने घेतली, सर आता तुम्ही विश्रांती घ्या म्हणाले, आणि लगेच कुणाच्या तरी लग्नाची तारीख ठरवायला वळले. त्यांचं काही चुकलं नाही. मीही असाच वळायचो. मी पाटी-पेन्सिल हातात घेऊन उभाच राहिलो. घरी येऊन ती प्रकरणं पुन्हा वाचली. सगळं खरं आहे, ताई, पण त्यात कुठे एक माणूस नाही. नुसती मंडळी आहे.

त्या संध्याकाळी जेवण गरम करून ताटात घेतलं आणि ते पुन्हा गार होईपर्यंत बसून राहिलो. मला फार एकटं वाटलं. हे आजवर मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण लोकांचा एकटेपणा घालवणं हे माझं काम होतं.

येतो. किती दिवस ते ठरवलेलं नाही. बांना दुखण्याचं कळू देऊ नको. पाटी बरोबर घेत आहे, त्यांच्याशी लिहून बोलेन. पुस्तकही आणतो, वेळ मिळेल तसं पुढे नेईन.

तुझा,
संजय


तांडा
३१ जुलै २०२५

ती. ताईस,
सलाम, वि. वि.

इथे मोबाइलला रेंज नाही, हे आपल्या पत्रांच्या पथ्यावर पडलं. मोहिउद्दीन रोज फेरी करतो, त्याच्याकडे हे देत आहे. त्याने भाडं घेतलं नाही. डोळ्यांनीच दटावलं.

जमनीकाकी मला पाहताच गळ्यात पडून रडू लागली, आपल्या बायका आल्यागेल्याला सुरात रडून भेटतात तशी. पूर्वी मी अवघडून बाजूला व्हायचो आणि तिचं सांत्वन करायला लागायचो. या वेळी सांत्वनाला आवाज नव्हता, म्हणून तिचं रडणं शेवटपर्यंत ऐकलं. आपली याडी शेवटच्या दुखण्यात खाट रस्त्याकडे तोंड करून टाकायला लावायची, आई माझी वाट पाहायची, हे मला त्या सुरातून कळलं. तू मला कधी बोलली नाहीस. की बोलली होतीस आणि मीच मध्ये बोललो?

बांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, की बा, मी राहायला आलो आहे. त्यांच्यापुढे धरली. त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि तेव्हा कुठे मला आठवलं, की बांना वाचता येत नाही. जन्मभर शब्दांवर पोट भरलेल्या माणसाची ही अक्कल. खुशाल हस.

मग ते उठले, कडुनिंबाला बांधलेलं टोक सोडलं आणि माझ्या हातात दिलं.

तेव्हापासून सकाळी दोर, दुपारी पडणं, ऊन कललं की पुन्हा दोर. ओढ, सैल सोड, थांब, एवढंच ते बोलतात. तळहात सोलले आहेत. रविवारी मी तयार होऊन उभा राहिलो तर त्यांनी वाख उचललाच नाही. आज तुहा वार हाय, म्हणाले. मी परसात डोळे मिटून बसलो. उघडले तेव्हा बा थोड्या अंतरावर बसलेले, पागडी काढून मांडीवर ठेवलेली.

पण ताई, इथे माझ्याबरोबर आमेन म्हणणारं कुणी नाही. पुस्तकाची पिशवी खुंटीला तशीच आहे. तिच्याकडे पाहिलं की मन खातं. मी उरलेला वेळ वाया तर घालवत नाही ना?

तुझ्या प्रार्थनेवर भिस्त ठेवून,
संजय


मारेगाव
१० ऑगस्ट २०२५

चि. संजयास,
आशीर्वाद, वि. वि.

गोळ्या आणि तळहाताचं मलम मोहिउद्दीनकडे दिलं आहे. गोळ्या जेवणानंतर, देव सांभाळेल म्हणून विसरायच्या नाहीत.

पाटीचं वाचून मी एकटीच हसले. मोठ्याने हसले. मग घरात ते हसणं ऐकायला कुणी नाही हे जाणवलं आणि डोळे भरून आले.

याडीच्या खाटेचं मी तुला सांगितलं होतं. जाऊ दे ते.

वेळ वाया जातो आहे का, याचं उत्तर मला येत नाही. मात्र बांना तुझ्या दुखण्याचं कळायला हवं. त्यांचा तेवढा हक्क आहे. पाटी नाही तर खुणेने सांग, किंवा मी येऊन सांगते. आणि त्यांनी मोहिउद्दीनकडून परत वाख मागवला आहे. दोन बैलांना किती कासरे लागतात, ते एकदा विचार.

जिवाला जप.

तुझी,
ताई


तांडा
२६ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
सलाम, वि. वि.

पोळा झाला. बैलांना नवे कासरे लागले, बांनी त्यांना स्वतः नैवेद्य भरवला. मी लांब उभा होतो. पूर्वी त्यावरही बोललो असतो.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल ओढत तांड्यात फिरत होती आणि बांनी पुन्हा वाख काढला. या खेपेला दोर जाड धरला, चांगला मनगटात भरेल असा. मी डोक्यावर शिंगं करून खुणेने विचारलं, आता कोणता बैल? त्यांनी आधी हातभर पीळ दिला.

मग बोलले, आणि इतकं बोलले जितकं मला त्यांनी आयुष्यात सांगितलं नसेल. म्हणाले, की पुष्पी वाळला म्हनली तवाच मले शक आला व्हता, तू ऑटोतून उतरलास तवा समजलंच, बापाले काय पाटी वाचा लागते? म्हणाले, पुष्पीच्या घरधन्याच्या येळेस मी फाटकातून पाहून राह्यलो व्हतो. नायलॉनचा दोर हातातून सरकला अन् पेटी तिरपी झाली. मानूस शेवटचा जाऊन राह्यला अन् तो बी तिरपा. तुमच्या लोकाइत दोर वळनारं कोनी नाही काय, असं तवाच मनात आलं व्हतं. अंबाडी हात धरते, सरकत नाही. तुही पेटी मी तिरपी होऊ देनार नाही.

मग त्यांनी विचारलं, की पेटीले दोर किती लागतात. मी दोन बोटं दाखवली. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, मंग दुसराबी करा लागन, ओढ.

ताई, मी टोक सोडलं नाही. मी रडत होतो. आवाज नाही, तेव्हा त्यांना कळायचं नाही असं वाटलं. पण त्यांनी पीळ थांबवला आणि माझे डोळे पुसून होईपर्यंत दोर तसाच ताणून धरून उभे राहिले.

प्रभूविषयी त्यांना सांगायचं राहिलं ते राहिलंच आहे. ते मी देवाच्या हाती दिलं, आणि देताना मला फार जड गेलं. पुस्तक पुरं होणार नाही. बारा पानं चुलीत घाल. मी दोन्ही दोर होईपर्यंत इथेच आहे, आणि नंतरही इथेच राहीन म्हणतो.

माया असू दे.

तुझा,
संजय


मारेगाव
२ सप्टेंबर २०२५

चि. संजयास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचून दार लावून घेतलं. दुपार गेली, दिनदर्शिकेचं पान फाडायचं राहून गेलं.

तेव्हा पेटी तिरपी झाली ती मीही पाहिली होती. आजवर कुणाजवळ बोलले नाही. वाटायचं, ते एक माझ्याच लक्षात राहिलं असेल.

बारा पानं चुलीत घातलेली नाहीत. ती माझ्याकडे राहू देत. पुढे मला उपदेश करायला दुसरं कोण आहे?

बांना एक सांग. पेटी खाली टेकली की आमच्यात दोर वर ओढून घेतात, मातीत ठेवत नाहीत. ते दोन्ही दोर मी घरी आणीन आणि कोरडे करून ठेवीन. मलाही लागतील. तेव्हा राखी मस्कतहून वेळेवर पोचेल की नाही, ठाऊक नाही.

शनिवारी मुकुटबनच्या गाडीने येते. दुसरा दोर पुरा करून टाकू नका. थोडा वेळ तू बस आणि ते टोक माझ्या हातात दे.

भेटीची वाट पाहणारी,
ताई