मिरची कानाशी धरायचं काम

आबा, मिरची कानाशी हलवून ती वाळली की नाही हे सांगायचं आपलं काम या हंगामात संपलं. तुम्ही ते तीस वर्षं केलंत, मी एकोणीस. आता शेठनी हातात मावेल एवढं यंत्र आणलंय. मिरचीचा चुरा त्यात टाकायचा, बटण दाबायचं, ओलावा आकड्यात दिसतो. नंदुरबारबाहेरच्या आपल्याच पथारीवर, लाल मिरची उन्हात पसरलेली असते तिथे, टेबलावर ते ठेवलंय. त्याला ऊन लागू नये म्हणून वर छत्री आहे. आपल्या डोक्यावर कधी कुणी धरली नव्हती. हे काम मला तुम्ही तुमच्या शेवटच्या हंगामात शिकवलंत. मिरची हलवायचात, माझ्या कानाशी धरायचात आणि विचारायचात, "काय म्हनस?" बिया खुळखुळल्या की मी सांगायची, वाळली.

त्याच्या कितीतरी आधीचा एक दिवस मात्र जास्त आठवतो. मी आठेक वर्षांची. पथारीवर खेळता खेळता मिरचीचा हात डोळ्याला लावला आणि बोंब ठोकली. देठ खुडणाऱ्या बाया हसत होत्या. तुम्ही सावकाश येता, दोन्ही हात पाठीमागे बांधून समोर वाकता आणि म्हणता, "डोयाले हात नको लावू. पानी वाही जाऊ दे. आपोआप थांबस." जवळसुद्धा घेतलं नाहीत, याचा मला केवढा राग आला होता! तुमच्याही हाताला मिरचीच होती, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

यंत्र आलं त्या दिवशी मी एक ढीग हलवून पाहिला आणि पोती भरा म्हटलं. यंत्रानं ओलावा जास्त दाखवला. शेठ म्हणाले, अजून दोन दिवस ऊन देऊ. एवढंच, तेही हळू आवाजात. पण माझं डोकंच फिरलं. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "एकोणीस वर्षं माझा कान चालला, आज बहिरा झाला का?" आणि हट्टानं दोन पोती भरून घेतली. शेठनी वाद घातला नाही, पोती फक्त बाजूला ठेवायला सांगितली. बाया माना खाली घालून देठ खुडत राहिल्या. मला रडू आलं आणि मी सरळ तळहातानं डोळे पुसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. डोंगरातल्या मोलगी गावाकडून दर हंगामाला येणारी म्हातारी बाई उठली, तिनं माझी दोन्ही मनगटं धरली आणि पाणी थांबेपर्यंत सोडली नाहीत.

आठव्या दिवशी पोती उघडली. तळाला बुरशी. शेठनी ती फक्त रिकामी करायला सांगितली. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं. मी बायांना सांगितलं, पोती टेकवली त्या भिंतीला ओल होती. त्यांनी माना हलवल्या. म्हातारीनं नाही हलवली.

आता यंत्र मीच चालवते. काम तसं हलकं आहे. बटण दाबायच्या आधी हात अजून मिरची उचलून कानाशी नेतो, सवयीनं. कुणी पाहत असेल तर लाज वाटते.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, यंत्राच्या खोक्यात घडी करून ठेवीन. म्हणून लिहिते. भिंत कोरडी होती, आबा. गेली दोन वर्षं मला बिया नीट ऐकू येत नाहीत. यंत्र यायच्या आधीपासून मी रंग बघून अंदाजानं सांगत होते, आणि कुणाला कळेल या भीतीनं त्या दिवशी एवढी चिडले. काल पुन्हा एक मिरची हलवली, काही ऐकू आलं नाही, आणि तुमचा तो शेवटचा हंगाम आठवला. मिरची माझ्या कानाशी धरून विचारायचात, तेव्हा तुम्हाला खरंच विचारायचं असायचं.