तांदळात लिहिलेलं नाव

१२ मे १९९३
सुदामा नगरातलं हे घर मला फार आवडलं. घरात स्वतःचा नळ, खिडकीला कूलर. मिलच्या चाळीत बादलीभर पाण्यासाठी भांडणं बघत वाढले मी. सकाळी निशांतने पोह्यांवर एवढी सेव टाकली की पोहे शोधावे लागले. काल लग्नात त्यानेच ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. यामिनी! बावीस वर्षं 'उकर्डा' म्हणून हसं करून घेतल्यावर इतकं गोड वाटलं, काय सांगू.

१४ मे
सासूबाई कुरकुरल्या, यामिनी म्हणून हाका मारते तर ओ देत नाहीस. सवय कुठाय मला? निशांतने विचारलं, असलं नाव ठेवलं तरी कोणी? सगळं सांगितलं. अण्णा खानदेशातून इथे मिलमध्ये आले. मिल गेल्या साली बंद पडली, आता घरीच असतात. माझ्याआधी तीन मुली झाल्या. बारशाला छान छान नावं ठेवली, तिन्ही महिन्याच्या आत गेल्या. म्हणून मला जन्मताच उकिरड्यावर ठेवलं. शेजारच्या मनोरमाबाईंनी उचललं आणि आईने सूपभर कोंडा देऊन मला परत घेतलं. केरातलं पोर कोण नेणार? लग्नात आईने एकच मागितलं होतं, नाव बदलू नका. सासूबाई म्हणाल्या, "उकर्डा-बिकर्डा आमच्याकडे नाही चलणार हां." खरं तर मीही त्यांच्याच बाजूने होते.

२० मे
दुपारी फाटकातून कुणी बाईने "यामिनी" अशी हाक मारली. ती माझ्यासाठी आहे हे लक्षातच आलं नाही. सासूबाईंनी पाहिलं तिला. अनोळखी बाई, पदरात तीन तान्ही पोरं, एकही हलत नव्हतं. मी बाहेर जाईपर्यंत ती गेली होती.

२३ मे
रोज येते. आज हाक स्वयंपाकघराच्या खिडकीशी आली. खिडकीबाहेर कुणी नाही. निशांत म्हणतो ऊन लागलंय. मला भीती वाटते.

२५ मे
आईकडे गेले. ऐकताच तिने ओळखलं, म्हणाली: ती बाई नाव घेऊन हाक मारते, ओ मिळाली की घेऊन जाते. तान्ह्या पोरी कुठून ओ देणार? "त्यांच्या वतीने मीच दिली गं, तिन्ही वेळा," आई म्हणाली. दोघी खूप रडलो.

२६ मे
निशांतच्या पाया पडले. आजपासून घरात मी पुन्हा उकर्डा. सासूबाईंनी तोंड वाकडं करून का होईना, मानलं.

२९ मे
तीन दिवस हाक नाही. आज पोटभर जेवले.

३० मे
न्हाऊन आले तर सासूबाई खुशीत. ती बाई आली होती, तिला पिटाळलं म्हणाल्या. सांगितलं, यामिनी इथे कुणी नाही, आमच्या सुनेचं नाव उकर्डा—

३१ मे
निशांत तुकोगंजला ऑफिसात. सासूबाई बेटम्याला लग्नाला. कडी लावलीय. कुणालाही ओ द्यायची नाही. कुणालाही—

हाक आली. आईचा आवाज. उकर्डे—

ओ गेली तोंडातून. बावीस वर्षांची सवय—

कडी आपोआप—

आई नाही. तिन्ही पोरं तिने एका हातावर घेतलीत. दुसरा हात माझ्या—