माशी तांदळाएवढी डावीकडे

३ डिसेंबर, मंगळवार

बंदूक घरात आली! हे गेल्यापासून वीस महिने ठाण्यात जमा होती. माझा धाकटा दीर भाई बरोबर होता म्हणून मी तिथवर गेले तरी. परवान्यावर आता माझं नाव — शेती संरक्षणासाठी, ठासणीची, एक नळी. पूर्ण कागद वाचूनच सही केली. पुड्यांचे कागद वाचून अक्षरं शिकलेल्या बाईच्या नावावर बंदूक! ह्यांना हसू आलं असतं.

मला चालवता येत नाही. माजघरात खुंटीला टांगली आहे. तिच्यासमोरून जाताना मी भिंतीकडे बघत जाते.

५ डिसेंबर

डुकरांनी रताळ्यांचे दोन वाफे उकरले. भाई म्हणतो, "वहिनी, उद्या एक बार काढून बघतंय. आवाजानच पळतले."

६ डिसेंबर

दार लावून घेतलंय.

भाईने सकाळी दारू भरली, वर काथ्या ठासला, गोळी घातली. तीस पावलांवर गडग्यावर, कुंपणाच्या चिऱ्यांच्या भिंतीवर, नारळाचं सोललेलं सोडण ठेवलं. नेम नीट धरला, मी बघत होते. गोळी गेली दोन वीत उजवीकडे, चिऱ्यावर! चिऱ्याची कपची उडून पलीकडच्या वाटेवर. आणि त्याच वेळी शेजारची तुळसा धुण्याची बादली घेऊन येत होती. कपची बादलीवर टणकन आपटली. दोन हात इकडे असती तर?

तुळसा किंचाळली. मग तोंड सुटलं तिचं. "घोवान बावीत उडी घातल्यान, आता माका गोळी घाल गो!"

भाई तिच्या अंगावर धावून गेला. ती रागात बोलली, पण मनात असल्याशिवाय बोलली का? गावात सगळेच बोलतात, ह्यांनी विहिरीत जीव दिला म्हणून. बाराव्याला मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय — "चाळीस वर्सां त्याच वाटेन जाणारो माणूस असो पडता काय?"

७ डिसेंबर

झोप नाही. जेवण नाही.

८ डिसेंबर, रविवार

जे कधी लिहिलं नाही ते आज लिहिते. लिहिलं नाही तर छाती फुटेल.

त्या सकाळी मी भांडले होते. आधीचे चार-पाच महिने हे बदलले होते. माझ्याकडे बघेनात. जेवताना मी पाटाला पाट लावून बसायची, बोलायची, हे समोरच्या भिंतीकडे बघून जेवायचे. कढीची वाटी पुढे केली तर हात नाही. दोन-तीनदा सांडली. मला वाटलं, माझा कंटाळा आला. ह्या वयात! त्या दिवशी वाटी पुन्हा सांडली आणि मी बोलले, "माझ्याकडे तोंड फिरवायचंही जड झालंय ना? मग जा खंय जायचा ता!"

हे उठले, हात धुतले, पोफळीला पाणी लावायला खाली गेले. तासाभराने विहिरीत सापडले.

विहिरीला कठडा नाही. पाय घसरला असेल, असं मी सगळ्यांना सांगते. आणि रोज भिते की तसं नसेल. माझ्या शब्दानेच...

पुढे लिहवत नाही.

९ डिसेंबर

तुळसा पेजेला म्हणून लोणचं घेऊन आली. "माझा तोंड जळो गो," म्हणाली. मी लोणचं घेतलं.

दुपारी भाई पितळेचा खिळा आणि लाकडी ठोकणी घेऊन बसला. अशी बंदूक घरात ठेवायची नाही, एक तर नीट करायची, नाही तर परत द्यायची, असं मीच बजावलं होतं. ह्या बंदुकीला मागे खाच नाही, नळीच्या टोकाला फक्त माशी. मोहरीएवढा पितळेचा मणी, तो निशाणावर ठेवायचा.

भाईने शिकवलं, "गोळी जाता त्याच अंगाक माशी सारायची. उजवीकडे जाता तर उजवीकडे. लोक हडेच चुकतत, उलटी सारतत."

नळीला खोबरेल लावून पुसताना मला खूण दिसली. नळीवर कानशीने ओढलेली बारीक रेघ, सासऱ्यांच्या वेळची. माशी त्या रेघेवर हवी. ती होती तांदळाच्या दाण्याएवढी डावीकडे! बाजूला ठोकल्याचे ओरखडे, अजून चकचकीत.

"ह्या दादानच केल्यान," भाई म्हणाला. "शेवटी शेवटी नेम पण कसो धरी, ठावक आसा? मान दस्त्याच्या वरसून पलीकडे. आम्ही हसू त्याका — बगळो मासो बघता!"

म्हणजे ह्यांची गोळी डावीकडे जात होती. माझ्या सासऱ्यांपासून सरळ मारणारी बंदूक, ह्यांच्याच हातात डावीकडे का जाईल?

भाईने खिळा लावला होता. मी म्हटलं, थांब. आज नको.

११ डिसेंबर

आज मी बार काढला. मी!

आधी तुळसाला तिच्या पडवीत बसवून आले. वाटेवर काठी आडवी टाकली. भाई म्हणाला, "वहिनी, खांदो निखळतलो." निखळू दे.

उजव्या खांद्याला दस्ता टेकला. मग ह्यांच्यासारखी मान टाकली, दस्त्यावरून पलीकडे. बगळ्यासारखी. तशी टाकली की उजव्या डोळ्याचं कामच राहत नाही. तो मिटलाच. दिसतं ते डाव्यानेच. माशी सोडणावर ठेवली. देवाचं नाव घेतलं की नाही आठवत नाही.

धूर गेला तेव्हा सोडण गडग्यावर नव्हतं. भाई पळत जाऊन घेऊन आला. मधोमध भोक!

"वहिनी, ह्या कसा काय?"

मी ते सोडण हातात घेऊन बसले.

१२ डिसेंबर

ह्यांचा उजवा डोळा गेला होता; माशी डाव्या डोळ्यासाठी सारलेली. कोणाला कळू दिलं नाही.

जेवताना मी नेहमी ह्यांच्या उजव्या हाताला बसायची. पोफळीकडे उतरताना विहीरही उजव्याच हाताला.